ऋषिकेशचा पाऊस, काशीचा पूर

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी वही पुजली जाते. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवानं रेखलेला ‘श्री’, वर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. खरा हिशोब आता संगणकात असतो, तरी वही येतेच. काही पेढ्यांवर कुंकवाचं एक बोट लॅपटॉपलाही लागतं. या पूजेआधीचं एक काम मात्र कुणाच्या फोटोत येत नाही. शिल्लक माल मोजायचा. वर्षभर जागचा न हललेला माल कोणता ते बघायचं. उधारी कुणाकडे किती तुंबली आहे याची यादी काढायची आणि त्यातली बुडीत कोणती, हे स्वतःशी कबूल करायचं. नव्या पानावरचा ‘श्री’ या सगळ्यानंतरचा.

आजच्या कंपन्यांत वर्षारंभी ‘स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग’ नावाचा जो सोहळा होतो, त्यात पूजेचा भाग भरपूर आणि मालमोजणी फार थोडी. ही तक्रार बाहेरच्यांची नाही. कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग यांच्यासारखे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासकच ती कित्येक वर्षं करत आले आहेत.

मुळात आपल्याकडे वर्ष सुरू कधी होतं, हाच प्रश्न आहे. मराठी घरात गुढी चैत्रात उभी राहते, पण वही कार्तिकातल्या पाडव्याला, विक्रम संवताच्या हिशोबानं उघडते. परदेशी मालकीच्या कित्येक कंपन्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आणि सरकार, बँका, प्राप्तिकर खातं यांचं एप्रिलमध्ये. ही एप्रिलची प्रथा १८६७ची. त्याआधी सरकारी वर्ष १ मे ते ३० एप्रिल असं होतं. ते ब्रिटिश सरकारच्या वर्षाशी जुळवून घेण्यासाठी महिनाभर मागे आणलं गेलं. तरीही दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवायची मुभा पेढ्यांना दीर्घकाळ होती. करनिर्धारण वर्ष १९८९-९०पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांनाच मार्चअखेर बंधनकारक झाली, तेव्हा ती संपली.

या एप्रिलचा आपल्या ऋतूंशी काही संबंध नाही, हे सरकारच्याही लक्षात आलेलं होतं. १९८०च्या दशकात लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर करावं अशी शिफारस केली. कारण साधं होतं: अर्थसंकल्प मांडताना पाऊस कसा झाला हे माहीत असावं. सरकारनं ती स्वीकारली नाही. त्यामुळे आजही गंमत अशी की कंपन्या मार्चअखेर वर्षाचा आराखडा पक्का करतात आणि हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो एप्रिलच्या मध्याला. सुधारित अंदाज मेच्या अखेरीस. ट्रॅक्टर, बियाणं, खतं, दुचाकी, इतकंच काय खेड्यात खपणारी पाच रुपयांची बिस्किटं, या सगळ्यांचं वर्ष ज्या एका गोष्टीवर हेलकावे खातं, ती कळण्याआधीच आकडे छापून झालेले असतात.

हे आकडे ठरतात कसे, ते मार्चमधल्या कुठल्याही बैठकीत बघावं. गेल्या वर्षी उलाढाल चाळीस कोटी, म्हणजे यंदा सेहेचाळीस. पंधरा टक्के वाढ. पंधराच का, याला उत्तर नसतं. विक्रीप्रमुख हातचा राखून आकडा सांगतो, कारण पुढच्या मार्चमध्ये त्याच आकड्यावर त्याचा बोनस तोलला जाणार. तो हातचा राखतोय हे मालकाला ठाऊक असतं, म्हणून मालक चार टक्के चढवून मागतो. घासाघीस होते, मध्ये कुठेतरी सौदा तुटतो आणि चहा येतो. याला अंदाजपत्रक म्हणावं, आणि ते हवंच. बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची तर कागद लागतो. कच्चा माल किती उचलायचा, माणसं किती घ्यायची, हेही त्यावरूनच ठरतं. पण ग्राहक आपल्याकडे का येतो, तो उद्या का येणार नाही, आणि आपण काय करायचं थांबवणार आहोत, यातलं एकही उत्तर त्या कागदावर नसतं.

मोठ्या कंपन्यांनी हा कागद फार पूर्वीच शास्त्राच्या पदवीला नेला होता. इगोर अॅन्सॉफ यांचं ‘कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’ १९६५मध्ये आलं आणि पुढची पंधरा वर्षं अमेरिकी कंपन्यांत नियोजनाचे विभाग फोफावले. जनरल इलेक्ट्रिक तर या विद्येची काशीच मानली जायची. १९८१मध्ये जॅक वेल्श तिथे प्रमुख झाले आणि त्यांनी याच विभागाला कात्री लावली. जाडजूड बांधीव अहवाल तयार व्हायचे, पण धंदा चालवणारी माणसं आणि अहवाल लिहिणारी माणसं वेगळी, हा त्यांचा आक्षेप होता.

शेल या तेलकंपनीतही १९६५पासून असंच एक यंत्र चालू होतं. नावच ‘युनिफाइड प्लॅनिंग मशिनरी’. विहिरीतून तेल निघाल्यापासून ते टँकर, शुद्धीकरण कारखाना आणि पेट्रोलपंपापर्यंतच्या अख्ख्या साखळीचं सहा वर्षांचं गणित त्यातून निघायचं; पहिलं वर्ष बारकाईनं, पुढची पाच ढोबळ. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची मागणी वर्षामागून वर्ष चढत होती, त्यामुळे कालच्या रेषेला फूटपट्टी लावून ती पुढे ओढली तरी उत्तर बरोबर येत होतं. चुकत नाही तोवर अशा यंत्रावर शंका घ्यायला सवड कुणाला असते?

ती पिएर वाक यांना होती. वाक शेलच्या फ्रान्समधल्या कंपनीत नियोजन पाहायचे आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या मुख्यालयात आले. माणूस तेलकंपनीत शोभावा असा नव्हता. अध्यात्माची ओढ, गूढवादी गुरू गुर्जिएफच्या वर्तुळात वावर आणि पुढे बंगालमधल्या स्वामी प्रज्ञानपादांकडे येणं-जाणं. स्वामींकडून आपण ‘पाहायला’ शिकलो असं ते मानायचे. हे वाचून व्यवस्थापनाच्या वर्गातले लोक थोडे कसनुसे होतात, पण वाक यांच्या कामाची किल्ली तिथेच आहे.

अमेरिकेत हर्मन कान अणुयुद्धाच्या शक्यतांची चित्रं रंगवायचे. पटकथेच्या दुनियेतला ‘सिनारिओ’ हा शब्द त्यांनी त्यासाठी रूढ केला. ती रीत वाक आणि त्यांचे सहकारी टेड न्यूलंड यांनी शेलमध्ये आणली. पहिला प्रयत्न फसला. तेल महाग होईल, स्वस्त होईल, मध्यम राहील अशी तीन-चार चित्रं साहेबांपुढे ठेवली. त्यांनी मान डोलावली आणि कामाला गेले. अनिश्चितता आहे हे कुणालाही ठाऊकच असतं. ते आकड्यांत मांडून हातात काही पडत नाही.

मग वाक यांनी प्रश्नच उलटा केला. काय होईल हे सांगता येत नाही, ठीक. पण जे घडून गेलंय आणि ज्याचा परिणाम अजून आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही, असं काही आहे का? पुढे १९८५मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिताना त्यांनी यासाठी जो दाखला दिला, तो आपल्याच अंगणातला आहे. गंगेच्या वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडला, तर दोन दिवसांत ऋषिकेशला काहीतरी अघटित दिसणार. आणखी तीन-चार दिवसांनी अलाहाबादला, त्यानंतर दोन दिवसांनी काशीला. काशीच्या घाटावर त्या वेळी ऊन पडलेलं असेल, नावाडी गिऱ्हाईक शोधत असतील. पण पूर वाटेवर आहे. हे भविष्य नव्हे. वर काय झालंय याची ही बातमी आहे.

तेलाच्या खोऱ्यात वर काय झालं होतं? अमेरिकेचं स्वतःचं तेलउत्पादन १९७०मध्ये शिखर गाठून उतरणीला लागलं होतं, म्हणजे जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक आता बाहेरच्या बाजारात उतरणार होता. पुरवठा करणाऱ्यांत सौदी अरेबियासारखे देश होते. लोकसंख्या थोडी, पैसा खर्च करायला जागा नाही. जास्त तेल उपसून मिळालेले डॉलर बँकेत महागाईनं झिजणार, तर तेच तेल जमिनीखाली ठेवलं की किंमत वाढणार. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं, एवढंच वाक विचारत. १९७१च्या तेहरान करारानं किमती १९७५पर्यंत बांधल्या होत्या खऱ्या, पण तोवर थांबण्याचं त्या देशांना कारण उरलं नव्हतं.

१९७२मध्ये ही मांडणी संचालकांपुढे आली. वाक यांचा सगळ्यात धूर्त डाव असा की त्यांनी साहेबांच्या आवडत्या चित्राला, म्हणजे ‘सगळं पूर्वीसारखं चालू राहील’ याला, खोटं ठरवलं नाही. ते खरं व्हायचं तर काय काय घडावं लागेल, याची त्यांनी यादी दिली. तेलाचे प्रचंड नवे साठे वेळेत सापडावे लागतील. उत्पादक देशांनी आपला ठेवा गिऱ्हाइकाच्या मर्जीनं हसत हसत रिकामा करावा लागेल. आणि राखीव क्षमतेची गरज पडेल असा एकही अपघात, युद्ध वा अडवणूक होता कामा नये. तीन चमत्कार, तेही एकाच वेळी. भविष्य सांगणाऱ्यावर माणूस हसू शकतो. पण आपल्या स्वतःच्या आराखड्याखाली तीन चमत्कार गृहीत धरलेले आहेत हे दिसलं, की हसू मावळतं.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेली अधिकृत किंमत त्याच महिन्यात पाचवर आणि १९७४च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या वर गेली. भारताचं कंबरडं मोडलं. त्या साली महागाईनं २० टक्क्यांची रेषा ओलांडली, आणि फेब्रुवारी १९७४मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला तेल लागलं तेव्हा तो केवळ शास्त्रीय आनंद नव्हता. शेलला धक्का बसलाच, पण ती गोंधळली नाही. नव्या शुद्धीकरण क्षमतेवरच्या गुंतवणुकीला तिनं इतरांआधी हात आखडता घेतला, आणि ‘सात बहिणी’ म्हणवल्या जाणाऱ्या बड्या तेलकंपन्यांमध्ये दुबळी गणली जाणारी ही कंपनी पुढच्या काही वर्षांत पहिल्या रांगेत आली. सगळं श्रेय सिनारिओंना देणं भाबडेपणाचं होईल. वाक यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय की त्यांचं ऐकून कित्येक व्यवस्थापक पुन्हा पूर्वीसारखेच काम करत राहिले, आणि पटलं ते घटना घडल्यावर. मनातला नकाशा एका बैठकीत बदलत नाही.

ऋषिकेशचा पाऊस आपल्याकडे कसा दिसतो, याचं उत्तम उदाहरण आर्थिक वर्षाच्या पहिल्याच तारखेला घडलेलं आहे. १ एप्रिल २०१७पासून देशभर प्रदूषणनियंत्रणाच्या बीएस-४ दर्जाची वाहनं, हे वेळापत्रक बरंच आधी जाहीर होतं. बहुतेक कंपन्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला: उत्पादन थांबवायचं, विक्री नव्हे, बीएस-३चा साठा नंतर सावकाश खपवू. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं विक्री आणि नोंदणीही बंद केली. त्या वेळी आठ लाखांहून जास्त वाहनं पडून होती, त्यात बहुसंख्य दुचाकी. ३० आणि ३१ मार्चला शोरूमबाहेर जत्रा भरली. स्कूटर आणि मोटरसायकलींवर बावीस हजारांपर्यंत सूट गेली, लोकांनी घरात असताना दुसरी गाडी घेतली. बजाज ऑटो या खटल्यात उलट्या बाजूला उभी होती. तिनं आपली उत्पादनं आधीच बीएस-४वर नेली होती आणि जुन्या गाड्यांची विक्री चालू ठेवू नये असं तिचं म्हणणं होतं. नियम सगळ्यांना तोच होता, तारीखही तीच. पाऊस सगळ्यांनी पाहिला होता. पूर आपल्या घाटावर येईल हे थोड्यांनीच धरलं.

कोल्हापूरच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीमालकानं, नाशिकच्या सातपूरमधल्या किंवा भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यानं एप्रिलमध्ये सहा वर्षांचं गणित मांडायची गरज नाही. पण समजा त्याच्या सत्तर टक्के ऑर्डरी एकाच कंपनीकडून येतात आणि त्या इंजिनाच्या भागांच्या आहेत. मग विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, ही गोष्ट त्याच्यासाठी वरच्या खोऱ्यात पडून गेलेला पाऊस आहे. पूर किती दिवसांत येईल यावर वाद घालता येईल. त्याचा सेहेचाळीस कोटींचा कागद मात्र पूर येणारच नाही असं धरून बसलेला असतो, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं.

आता याची दुसरी बाजू. सगळं आधी पाहून ठेवता येतं, असा समज झाला तर तोही तितकाच महागात पडतो. होंडाची अमेरिकेतली गोष्ट त्यासाठीच सांगितली जाते. १९७५मध्ये ब्रिटिश सरकारला आपला मोटरसायकल उद्योग का बुडाला हे जाणून घ्यायचं होतं. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं अहवाल दिला: होंडानं छोट्या गाड्यांचं प्रचंड उत्पादन करून खर्च पाडला आणि त्या जोरावर बाजार काबीज केला. वाचताना शिवाजी महाराजांची मोहीम वाचल्यासारखं वाटावं इतकं आखीव. काही वर्षांनी रिचर्ड पास्काल यांनी १९५९मध्ये लॉस एंजेलिसला गेलेल्या होंडाच्या मूळ माणसांनाच गाठलं. त्यांनी सांगितलेली हकीकत वेगळीच निघाली. ते मोठ्या मोटरसायकली विकायला गेले होते. अमेरिकी लोक त्या लांबवर आणि दामटून चालवत. तेल गळायला लागलं, क्लच जळायला लागले. दरम्यान ही मंडळी स्वतःच्या कामांसाठी पन्नास सीसीच्या सुपर कबवर गावात हिंडायची, आणि लोक थांबवून विचारायचे, ही कुठे मिळते? विकायची नव्हती तीच गाडी विकायला लागली. होंडाचं शहाणपण आराखड्यात सापडणार नाही. आराखडा फसल्यावर तो हट्टानं धरून न बसण्यात ते होतं.

चिप बनवणाऱ्या इंटेलच्या कथेत तर वरिष्ठांना आपलं धोरण बदललंय हे सगळ्यात शेवटी कळलं. कंपनी १९६८ची, नाव झालं ते मेमरी चिपवर. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी त्याच चिप स्वस्त आणि सरस बनवल्या. १९८५मध्ये कंपनीच्या दोन वरिष्ठांपैकी अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला हाकलून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल. मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू, असं ठरलं. हा प्रसंग ग्रोव्ह यांनी पुस्तकात लिहिल्यामुळे जगभर गाजला. त्यामागची कमी गाजलेली गोष्ट रॉबर्ट बर्गेलमन या अभ्यासकानं खणून काढली. इंटेलमध्ये एक साधा नियम होता: कारखान्याची क्षमता प्रत्येक वेफरमागे जास्त नफा देणाऱ्या चिपला आधी द्यायची. मधल्या फळीतले व्यवस्थापक महिन्यामागून महिना तो पाळत गेले आणि क्षमता मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे सरकत गेली. संचालक ‘आपण मेमरी कंपनी’ असं म्हणत होते तेव्हा विक्रीतला मेमरीचा वाटा किरकोळ उरला होता. कंपनीचं खरं धोरण वार्षिक सादरीकरणात नव्हतं, शॉपफ्लोअरवर कोणता जॉब आधी लागतो यात होतं. एखाद्या मालकाला आपलं धोरण जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं गेल्या तीन महिन्यांतली बँकेची पानं आणि स्वतःची डायरी शेजारी-शेजारी ठेवावी. उत्तर बहुधा लाजवणारं निघतं.

वरचं म्हणणं आणि खालचं काम यांतली ही दरी जपान्यांनी फार गांभीर्यानं घेतली. १९६०च्या दशकात तिथे ‘होशिन कानरी’ नावाची पद्धत आकाराला आली. वर्षासाठी उद्दिष्टं मोजकीच, दोन-तीन. ती वरून खाली हुकूम म्हणून जात नाहीत. विभागप्रमुख ती घेऊन खालच्यांकडे जातो, ते म्हणतात हे जमेल, हे नाही, त्यासाठी अमुक यंत्र हवं, आणि प्रस्ताव पुन्हा वर येतो. या चेंडूच्या झेलाझेलीला तिथे ‘कॅचबॉल’च म्हणतात. आपल्या मार्चमधल्या घासाघिशीत आणि यात फरक एवढाच, पण मोठा: आपल्याकडे आकड्यावर झटापट असते, कॅचबॉलमध्ये ‘कसं’ यावर. दर्जाचं डेमिंग पारितोषिक मिळवणाऱ्या कंपन्यांत ही पद्धत हमखास दिसते. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागानं ते २००३मध्ये मिळवलं, आणि जगातल्या ट्रॅक्टर कंपन्यांत तो मान पहिल्यांदा कांदिवलीच्या कारखान्याशी जोडलेल्या या विभागाकडे आला.

आणखी एक युक्ती, जवळपास फुकटची. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन हिला ‘प्रीमॉर्टेम’ म्हणतात; २००७च्या त्यांच्या लेखानंतर ती पुष्कळ ठिकाणी गेली. आराखडा पक्का करायच्या आधी सगळ्यांना सांगायचं: आता पुढचा मार्च आहे, योजना पार आपटली आहे, का आपटली ते दहा मिनिटांत कागदावर लिहा. ‘काही शंका?’ असं विचारलं तर आपल्या बैठकांत शांतता पसरते. साहेबांच्या योजनेत खोट काढणारा शहाणा ठरत नाही, अपशकुनी ठरतो. पण मेलेल्याचं विच्छेदन करायला सांगितलं की तोच माणूस हुशारी दाखवायला उत्सुक होतो. एकच पुरवठादार, नोकरी सोडून जाणारा फोरमन, ९० दिवस पैसे अडकवणारं मोठं गिऱ्हाईक, असं बरंच काही बाहेर येतं जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नव्हतं. ही जुनी मालमोजणीच आहे. फक्त गोदामाऐवजी डोक्यातला माल मोजायचा.

राहतं ते सगळ्यात अवघड: काय करायचं नाही हे ठरवणं. त्याची पुण्यातली कहाणी अजून पुरती संपलेली नाही.

आकुर्डीत बनणारी बजाजची चेतक स्कूटर १९७२मध्ये आली आणि परवाना राजवटीत तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नाव नोंदवून ठेवायचं, आणि मुलगी लग्नाची होईस्तोवर नंबर लागला तर लागला, असा हिशोब. १९८९मधल्या ‘हमारा बजाज’ जाहिरातीनं ती मध्यमवर्गाच्या घरातलं माणूसच करून टाकली. पण तोवर हीरो होंडाची चार स्ट्रोकची, कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल रस्त्यावर येऊन चार वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकात गिऱ्हाईक तिकडे सरकलं. बजाजनं चाकणला नवा कारखाना उभा केला, २००१मध्ये पल्सर आणली आणि ती तरुणांनी डोक्यावर घेतली. चेतकचं उत्पादन २००५-०६मध्ये थांबलं. डिसेंबर २००९मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केलं की कंपनी यापुढे स्कूटर बनवणारच नाही. मोटरसायकलीवर लक्ष एकवटायचं. ज्यांनी त्या स्कूटरवर कंपनी मोठी केली त्या राहुल बजाज यांनी, म्हणजे राजीव यांच्या वडिलांनी, आपल्याला याचं वाईट वाटल्याचं जाहीरपणे सांगितलं. घरातला मतभेद असा उघड्यावर बोलला जाणं आपल्या उद्योगजगतात दुर्मीळच.

निर्णय बरोबर होता का? कोणती वही उघडता त्यावर आहे. एका वहीत दिसतं की होंडाच्या अॅक्टिव्हानं गिअरलेस स्कूटरला नवं आयुष्य दिलं, बायका-मुली, नोकरदार, दुकानदार सगळे तिच्यावर बसले, आणि २०१७च्या सुमाराला देशात विकल्या जाणाऱ्या दर तीन दुचाकींत जवळपास एक स्कूटर होती. या बाजारात बजाज शून्य. दुसऱ्या वहीत दिसतं की मोटरसायकल आणि तीनचाकी यांवरच राहून कंपनीनं ७०हून अधिक देशांत माल पाठवला, २००७मध्ये घेतलेल्या छोट्या हिश्श्यापासून सुरुवात करून ऑस्ट्रियाच्या केटीएमशी नातं जोडलं, आणि २०२१च्या सुरुवातीला तिचं बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांवर गेलं. तोवर जगातल्या कुठल्याही दुचाकी कंपनीला ते जमलं नव्हतं. नकाराची किंमत खरी होती आणि ती मोजून दिली गेली. नकार फुकटात मिळतो असं समजून घेतलेले निर्णय बहुधा दोन वर्षांत गुपचूप मागे घेतले जातात.

जानेवारी २०२०मध्ये चेतक परत आली, विजेवर चालणारी. आधी पुणे आणि बंगळुरूत नोंदणी सुरू झाली आणि मार्चमध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या कुणाच्याच आराखड्यात ती नव्हती. एप्रिल २०२१मध्ये नोंदणी पुन्हा उघडली, तर मागणी इतकी की दोन दिवसांत ती बंद करावी लागली. राहुल बजाज फेब्रुवारी २०२२मध्ये गेले. त्यांच्या जन्मदिवशी, १० जूनला, विजेच्या दुचाकींचा नवा कारखाना सुरू झाला. जागा आकुर्डीचीच, जिथे जुनी चेतक बनायची.